लाल बाजूची बाई

रोझॅन कुबियाक गेली एकोणीस वर्षं वर्षातून दोनदा चीन व्हायची. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, दर वेळी तीन दिवस. एरवी ती बॉल्टिमोरच्या एका लहानशा कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणारी, गुडघ्यांनी बेजार झालेली, त्रेसष्ट वर्षांची प्राध्यापक होती. त्या तीन दिवसांत मात्र तिच्या एका सहीवर तीनशे लढाऊ जहाजं हलायची, आणि नाही म्हटलं तरी तिला ते आवडायचं.

हा खेळ अमेरिकेच्या राजधानीलगतच्या आर्लिंग्टनमधल्या एका संस्थेत चालायचा. संस्थेचं नाव सांगून उपयोग नाही. तशा त्या रस्त्यावर अर्धा डझन आहेत आणि सगळ्यांच्या काचा सारख्याच काळ्या. सरकारला प्रश्न पडतो की उद्या समुद्रात ठिणगी पडली तर पुढे काय होईल. मग संस्था तीन खोल्या उघडते. एका खोलीत अमेरिका बसते, ती निळी बाजू. दुसऱ्या खोलीत चीन, ती लाल. तिसऱ्या खोलीत पंच, ते पांढरे. फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचे, गळ्यात आपल्या रंगाची फीत घालायची आणि आपली चाल आपल्या रंगाच्या चिठ्ठीवर लिहून पंचांकडे पाठवायची. लाल खोलीत खरा चिनी माणूस अर्थातच कधी नसतो. तो दारातूनच परत गेला असता. चीन काय करेल हे सांगायला बॉल्टिमोरची पोलिश आडनावाची बाई चालते.

रोझॅनच्या विद्येत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, मोठी राष्ट्रं हावरट असतात. दुसरा म्हणतो, घाबरट असतात. रोझॅन दुसऱ्या पंथातली. तीस वर्षं ती पहिल्या तासाला पोरांना एकच गोष्ट सांगत आली होती. दोन शेजारी आहेत, आणि गावात पोलीस नाही. एकाने भीतीपोटी बंदूक घेतली. दुसऱ्याला बंदूक दिसली, भीती दिसली नाही, म्हणून त्याने दोन घेतल्या. दोघंही भले, दोघांनाही शांतपणे झोपायचंय, आणि एके दिवशी दोघंही मरतात. पुस्तकात याला सुरक्षेचा पेच म्हणतात.

एवढं शिकवणारी ही बाई आर्लिंग्टनला जाऊन मात्र दर वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर पहिलं क्षेपणास्त्र सोडायची. कारण खेळ रंगायला हवा. कारण पहिल्या खेपेला तिने सोडलं नव्हतं तेव्हा सगळे तिच्याकडे, लग्नात रुसून बसलेल्या मावशीकडे बघावं तसे बघत होते. पुढच्या खेपेला तिने सोडलं आणि तिला 'रेड रोझी' हे नाव मिळालं. नाव तिने कौतुकाने मिरवलं. खोटं कशाला बोला.

या ऑक्टोबरला प्रश्न असा होता : चीनजवळच्या सामुद्रधुनीतली आपली जहाजं कायमची पुढे नेऊन उभी करावीत, की दोनशे मैल मागे ठेवावीत? कागदांच्या गठ्ठ्यात चौथ्या पानावर जहाजांची यादी होती. यादीत सातवं नाव ओवेनच्या जहाजाचं होतं.

ओवेन तिचा एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा. तो चार वर्षांचा असतानाच बाप फ्लोरिडाला पळालेला. ओवेन जहाजाच्या पोटातल्या एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचा. पडद्यावर ठिपका उमटला की तो कोणाचा हे लिहायचं : आपला, शत्रूचा, की अनोळखी. बस, एवढंच त्याचं काम. पण वरचे लोक बटण दाबायचं की नाही हे त्याने लिहिलेल्या एका शब्दावर ठरवायचे.

जवळचं माणूस यादीत असेल तर पहिल्याच दिवशी तसं सांगायचं, असा नियम होता. रोझॅनने गठ्ठा मिटला आणि तोंडही मिटलं. सांगितलं असतं तर तिला घरी पाठवलं असतं आणि लाल खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं असतं. तिने ठरवलं की या खेपेला चीनकडून गोळी सुटणार नाही. आणि हे नुसतं आईचं मन नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. एकोणीस वर्षं तिने गंमत म्हणून खोटं खेळलं होतं. आता पहिल्यांदा जे खरं वाटतं ते खेळायचं होतं.

मंगळवारी सकाळी तिने पहिली चिठ्ठी लिहिली : सामुद्रधुनीतल्या सगळ्या मासेमारी बोटी परत बोलवा.

"रोझी, आज उपास आहे का?" गस पेट्राकिसने विचारलं. गस पाणबुडीवरून निवृत्त झालेला. लाल बाजूला दहा वर्षं तिचा जोडीदार. एका हातात कालचं बेगल, तो भोकाचा पाव, दुसऱ्या हातात चुरगळलेला नकाशा. "बोटी कशाला काढतेस?"

"जाळी, काळोख, दारू प्यालेला एखादा नाखवा. एखादी बोट त्यांच्या जहाजाला धडकली तर? नसती भानगड नको."

"चीन एवढा विचार करतो?"

"तुझ्यापेक्षा जास्तच करत असेल."

चिठ्ठी गेली. तासाभराने निळ्या बाजूची चाल आली. निळ्यांनी इशाऱ्याची पातळी दोन पायऱ्या वर नेली होती आणि जहाजं साठ मैल पुढे आणली होती. सातवं नावसुद्धा.

कॉफीच्या पिंपाशी टेरेन्स ओडम भेटला. निळ्या बाजूचा प्रमुख, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा रोझॅनचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. जॉर्जियाच्या खेड्यातून आलेलं पोर, पहिल्या बाकावर बसायचं. विरुद्ध बाजूंनी खेळाबद्दल बोलायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम पिंपाशी सगळेच मोडायचे.

"काय प्रोफेसर, या वेळी घाईत दिसताय," टेरेन्स हसत म्हणाला. "मंगळवारीच मैदान मोकळं केलंत?"

"कसलं मैदान? अरे, मी बोटी मागे घेतल्या!"

"तेच म्हणतोय. गोळीबाराच्या आधी आपली माणसं बाजूला काढतात."

"अपघात होऊ नये म्हणून काढल्या असतील, असं नाही का वाटलं तुला?"

"वाटलं ना. पण मला तुमचं मन कुठे दिसतं? मोकळा समुद्र दिसतो. तुम्हीच शिकवलंत, हेतू दिसत नाही, जे दिसतं ते मोजा."

"मी ते कुठे चुकतं हे कळावं म्हणून शिकवलं होतं, टेरेन्स. तसं करा म्हणून नव्हे."

टेरेन्सने तिच्या कपात साखर घातली. दोन चमचे, त्याच्या अजून लक्षात होतं. "परीक्षेत दोन्हीला सारखेच मार्क होते, प्रोफेसर," तो म्हणाला.

रोझॅनला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. आणि आपण किती चांगलं शिकवलं होतं, असंही वाटलं. त्याचाच जास्त राग आला.

दुपारी तिने आपली लढाऊ जहाजं बंदरात परत बोलावली. निळ्यांनी निष्कर्ष काढला की लाल बाजू दारूगोळा भरायला गेली आहे. बुधवारी सकाळी तिने थेट बोलणी करायची तयारी दाखवली : फोन उचला, आपण बोलू. निळ्यांनी लिहून पाठवलं की ही वेळकाढूपणाची चाल आहे, आणि आणखी चार जहाजं मागवली. ती जितकी मागे सरकायची तितके ते पुढे यायचे. वर्गात फळ्यावर हे सगळं तिने शेकडो वेळा काढून दाखवलं होतं, बाणासकट.

तरीही ती चिकटून राहिली. बुधवारी दुपारचं जेवण झालं. थंड टर्कीचं सँडविच, रबरासारखं चीज. नेहमीची क्षेपणास्त्राची वेळ आली आणि गेली. रोझॅनने चिठ्ठीवर लिहिलं : काहीही करू नका.

पंधरा मिनिटांनी दार उघडून विन्स डिलूका आत आला. मुख्य पंच. निवृत्त कर्नल, गळ्यात पांढरी फीत, बोलायला गोड आणि स्वभावानेही वाईट नाही. रोझॅनची आई वारली तेव्हा बॉल्टिमोरला गाडी चालवत आलेला माणूस.

"रोझी, काय चाललंय हे?"

"शांतता."

"उद्या तीन ॲडमिरल येतायत. त्यांना काय दाखवू? बंदरात पार्क केलेली जहाजं?"

"दाखव की. बघतील. त्यांनाही कळेल की समोरच्याने नाही म्हटलं तर युद्ध होत नाही."

"अगं, प्रश्न तो नाहीच. गोळी सुटेल का, असं आपल्याला कुणी विचारलेलंच नाही. सुटल्यावर आपण कसं लढू, हे विचारलंय. त्यासाठी ती आधी सुटायला नको का?"

"मग सरळ तसं लिहा ना! 'पंचांनी गोळी सोडली, पुढे असं झालं.' चीनने सोडली असं का लिहिता? वाचणाऱ्याला वाटतं आम्ही खरंच चीनला विचारून आलो."

"अहवाल मी एकटा लिहीत नाही."

"कुणीच एकटं काही करत नाही इथे. तेच तर दुखणं आहे."

विन्सने खिशातून एक पांढरी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर छापल्यासारख्या अक्षरात होतं : 'राजधानीचा हुकूम. निळ्या बाजूच्या पुढच्या जहाजांवर पहिला मारा करा.' खाली सहीसाठी रेघ.

"मी सही करणार नाही," रोझॅन म्हणाली.

"एकोणीस वर्षं केलीस."

"एकोणीस वर्षं मी थापा मारल्या, विन्स! तुम्हाला आवडायच्या म्हणून मारल्या. ही माणसं घाबरलेली असतात, आपल्यासारखीच. ती उगाच उठून आपल्यावर..." आणि मग जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलंच. "यादी बघितलीस? सातव्या जहाजावर माझा ओवेन आहे."

गसने बेगल खाली ठेवलं. विन्स खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याच्या चेहऱ्यावर खरी कणव होती.

"हे तू मंगळवारी सांगायला हवं होतंस."

"हो."

"आता मी काय करू, सांग. दोन दिवस तू थांबलीस. तो संयम चीनचा धरू, की आईचा?"

रोझॅनकडे उत्तर होतं. तीस वर्षांचा अभ्यास होता, आकडे होते, दाखले होते. पण त्यातलं एकही वाक्य आता तिच्या तोंडी खरं वाटणार नव्हतं, हे तिला बोलायच्या आधीच कळलं. तिच्या एका वाक्याने तिचे सगळे पुरावे मातीत गेले होते. गोळी न सुटण्याची शक्यता या खोलीत मांडणारी ती एकटीच होती, आणि तिनेच त्या शक्यतेचा बळी दिला होता.

"गस," विन्स हळूच म्हणाला.

गसने रोझॅनकडे न बघता सही केली. "रोझी, खेळ आहे गं," तो पुटपुटला. तो खरंच तसं समजत होता, त्याच्यावर रागावून तरी काय करणार?

सव्वातीनला लाल बाजूने पहिला मारा केला. सातवं जहाज अकरा मिनिटांत बुडालं. पंचांनी फासे टाकून किती माणसं मेली ते ठरवलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडा लिहिला. गुरुवारी ॲडमिरल आले, त्यांनी माना डोलावल्या, आणि निळ्या बाजूने सहा तासांत काय काय उडवलं त्यावर दोन तास चर्चा झाली. रोझॅन लाल फीत गळ्यात घालून शेवटच्या रांगेत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

जाताना विन्स तिला गाडीपर्यंत सोडायला आला. "मुलाचं मी कुठेही लिहिणार नाही," तो म्हणाला. "उगाच तुझं नाव खराब नको व्हायला. नियम मोडलास, हे बाहेर आलं तर कॉलेजलाही कळेल. अहवालात फक्त चाली येतील, जशा झाल्या तशा."

तिने त्याचे आभार मानले. हे पुढे तिला फार दिवस आठवत राहिलं, की आपण आभार मानले.

अहवाल दहा दिवसांनी आला. त्यात खरंच फक्त चाली होत्या, जशा झाल्या तशा. 'या विषयात एकोणीस वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली लाल बाजूने आधी मासेमारी बोटी काढून घेतल्या, मग जहाजं बंदरात नेली, मग बोलणी पुढे केली आणि दीड दिवस शांततेचा देखावा करून अचानक पहिला मारा केला.' देखावा हा शब्द कुणी घातला हे तिने विचारलं नाही. चाली ओळीने मांडल्या की तो शब्द आपोआप येऊन बसत होता. शिफारस होती : जहाजं पुढे न्यावीत.

ती तीन रात्री पत्र लिहीत बसली. खरं लिहायचं तर ओवेनचं नाव लिहावं लागत होतं, आणि ते लिहिलं की कोणीही म्हणणार, आईच ती, दुसरं काय म्हणेल. ओवेनचं नाव गाळलं तर पत्रात काही उरत नव्हतं. पत्र गेलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी ती पिरोगीचं, म्हणजे पोलिश करंज्यांचं, पीठ मळत होती तेव्हा फोन वाजला. ओवेन जपानच्या बंदरातून बोलत होता. मागे पोरांचा गोंगाट, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"आई, काय करतेस?"

"पिरोगी. तू नाहीयेस तरी सवयीने चाळीस करते. नंतर शेजारपाजारच्यांना वाटत फिरते."

"माझ्या वाट्याच्या गोठवून ठेव. ऐक ना, उद्यापासून महिनाभर फोन नाही. आम्ही निघतोय. पुढे."

"पुढे म्हणजे?"

"ते सांगता येत नाही. तुला कळलंच असेल. तुझा विषय आहे." तो हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "काल आमची बैठक झाली. तीन लक्षणं सांगितली. त्यांनी मासेमारी बोटी मागे घेतल्या, मग जहाजं बंदरात नेली, मग बोलायला फोन केला, की समजायचं, आता मारा येणार. कुठल्यातरी मोठ्या तज्ज्ञाने काढलंय म्हणे. एकोणीस वर्षं हेच करतोय तो."

रोझॅनने पिठाचा हात ओट्याच्या कडेवर टेकवला.

"आई? आहेस ना?"

"आहे."

"आता नियम बदललाय. आधी शंका असली की 'अनोळखी' लिहायचो. वरचे पुन्हा तपासायचे, तेवढा वेळ मिळायचा. आता ती तीन लक्षणं दिसली, आणि ठिपक्याबद्दल शंका असली, तर सरळ 'शत्रू' लिहायचं. पण लेफ्टनंट म्हणाला, शेवटी पडद्यासमोर तू आहेस, तुझी अक्कल वापर. मला ते पटत नाहीये आई. लहानपणापासून जेवताना तूच सांगत आलीस, तेही आपल्याइतकेच घाबरलेले असतात म्हणून. बोटी मागे घेतल्या तर भीतीनेसुद्धा घेतल्या असतील ना? मी विचार करत होतो, मी आपलं 'अनोळखी'च लिहीन. थोडा थांबेन. तू सांग. तुला कळतं यातलं."

तिने सांगायला तोंड उघडलं. ती तीन लक्षणं माझी आहेत, राजा. भीतीनेच मागे घेतल्या होत्या बोटी, मीच घेतल्या होत्या, तो तज्ज्ञ मीच. तू थांब. जगात एवढं एकच पोर थांबलं तरी पुरे. सगळं जिभेवर आलं होतं. गुप्ततेच्या कागदावर केलेल्या सहीची भीती तिला नव्हती. कॉलेजची नव्हती, तुरुंगाची नव्हती.

पण ओवेन थांबला आणि तो ठिपका खरंच शत्रूचा असला तर? शंभरात एकदा? ती हावरट पंथाची माणसं शंभरात एकदा बरोबर निघाली तर? तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा पडदा आला, आणि अकरा मिनिटं.

"आई?"

"थांबू नकोस," रोझॅन म्हणाली.

"काय?"

"शंका असेल तर 'शत्रू' लिही."

"पण तू तर म्हणायचीस की तेही घाबरलेले..."

"घाबरलेलेच असतात. म्हणूनच सांगतेय. समोर त्यांचंही कुणीतरी असंच बसलं असेल आणि त्याच्या आईने त्यालाही हेच सांगितलं असेल. तू आधी लिही."

"बरं," ओवेन म्हणाला. त्याला हायसं वाटल्याचं तिला ऐकू आलं. आईने सांगितलं, प्रश्न मिटला. लहानपणी वीज कडाडली की असाच निवांत व्हायचा. "बरं, तसंच करतो. काळजी करू नकोस."

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. तीस वर्षं जे चूक आहे म्हणून शिकवलं ते तिने आत्ता पोटच्या पोराला करायला सांगितलं होतं, आणि तिला जराही पश्चात्ताप होत नव्हता. त्याने पुन्हा फोन करून विचारलं असतं तर तिने पुन्हा तेच सांगितलं असतं.